परसातल्या रोपवाटिकेसाठी घाऊक रोपे: अकरा महिन्यांचा अनुभव

चिपळूणजवळ घरामागच्या चार गुंठ्यांत मी छोटी रोपवाटिका चालवते. गेल्या जूनपासून घाऊक माल मुख्यतः तीन ठिकाणांहून घेतला: आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळचे कडियम, पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रोपवाटिका.

कडियमचा माल देखणा असतो आणि दरही मोहात पाडणारा असतो; मात्र अख्खी गाडी भरण्याची माझी ऐपत नसल्याने कराडच्या एका मोठ्या व्यावसायिकाच्या गाडीत मी वाटा घेते आणि तेथून लहान टेम्पोने कुंभार्ली घाटातून रोपे खाली आणते. दोन वेळचे भाडे, हमाली आणि मोडलेल्या फांद्या हिशेबात धरल्या की स्वस्ताई बरीच ओसरते. तरीही क्रोटन, एक्झोरा आणि अरेका पाम यांबाबत माझी तक्रार नाही.

गुलाबाने मात्र धडा शिकवला. ही रोपे चिकण गाळमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. जुलैत आलेली दीडशे रोपे मी गोळ्यासकट आमच्या मिश्रणात लावली, आणि दुसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडून गळू लागली. एक गोळा कोयत्याने मधोमध कापला, तेव्हा आतली माती शिजवलेल्या नाचणीसारखी लगदा झालेली, मुळे काळी पडलेली आणि वास आंबूस होता. एकही पांढरे मूळ गोळ्याबाहेर आले नव्हते. अठ्ठावन्न रोपे गेली. पुरवठादाराचे म्हणणे एवढेच, की माल चढवताना ताजा होता, आणि ते खोटेही नव्हते. नोव्हेंबरच्या खेपेत प्रत्येक गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने सोडवली आणि जांभ्याची माती, कोकोपीट व शेणखत यांच्या मिश्रणात रोपे लावली. शंभरांतली अकरा मेली.

उरुळी कांचनचा मोठा फायदा म्हणजे स्वतः जाऊन निवड करता येते. मी पिशवी उलटी करून मुळे पाहते. तळाशी वेटोळे झालेले असेल तर रोप कितीही फुललेले असो, घेत नाही. एकदा जास्वंदीच्या पानांमागून पिठ्या ढेकूण घरी आला आणि शेजारच्या क्रोटनवरही पसरला. तेव्हापासून नवा माल, कोठूनही येवो, पंधरा दिवस वेगळ्या शेडनेटखाली राहतो.

कलमांच्या बाबतीत मी आता तडजोड करत नाही. कोकमाची बियांपासून केलेली रोपे साधारण निम्मी नर निघतात, आणि हे गिऱ्हाइकाला सहा-सात वर्षांनी, झाड फुलल्यावर कळते. तोवर आपले नाव गावभर झालेले असते. एका खासगी विक्रेत्याने 'कोकण अमृता' या कोकमाच्या जातीची कलमे म्हणून स्वस्तात चाळीस रोपे दिली. घरी येऊन बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवले, तर कलम बांधल्याचा जोड कोठेच सापडला नाही. पैसे परत मिळाले नाहीत. विद्यापीठात आगाऊ नोंदणी करावी लागते, हवी तितकी कलमे मिळतीलच असे नसते आणि एक-दोन खेपा वाया जातात, पण 'वेंगुर्ला-4' म्हणून घेतलेला काजू 'वेंगुर्ला-4'च असतो, याची मला खात्री वाटते. शिवाय फळझाडांच्या रोपवाटिकेला 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो, त्यामुळे कलमे कोठून आली हे सांगणारी पावती हाताशी असलेली बरी. विद्यापीठातून आणलेल्या कलमांतही मी जोडाखालून फुटलेले खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे, फुटवे आणि जोडावरची न सोडलेली पट्टी पाहतेच, कारण पट्टी राहिली तर ती खोडात रुतते.

येत्या जूनसाठी कोकमाची साठ कलमे दापोलीला नोंदवून ठेवली आहेत. कडियमच्या गाडीत पाम आणि क्रोटन सांगितले आहेत. गुलाब नोव्हेंबरलाच घेईन.