सतरा फुटी शिडाची होडी: आठ महिन्यांनंतर

होडी जुनीच घेतली, ट्रेलरसकट. आठ महिन्यांत वीसेक वेळा पाण्यात उतरवली आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी दीड तास काठावर रस्त्यासाठी आडवी केलेली डोलकाठी उभी करण्याच्या झटापटीत जायचा. त्यामुळे माझा हिशेब आता सरळ आहे: हा वेळ वाचवेल ती सुधारणा कामाची, बाकीची हौस.

सगळ्यात उपयोगी पडला जिन पोल, म्हणजे काठी उचलायला लावायची उभी नळी. आडवी काठी नुसत्या फोरस्टेने (काठीवरून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे येणारी तार) ओढली तर दोर काठीला जवळजवळ समांतर असतो. जोर सगळा बुडख्यात जातो, टोक तसूभर उचलत नाही. बुडख्याशी सहा फुटी नळी उभी केली, फोरस्टे तिच्या टोकाला अडकवला आणि तिथून नाळेपर्यंत चौपट जोर देणाऱ्या 4:1 कप्प्या लावल्या, की एकटा माणूस काठी उभी करतो. (आधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघा.) काठी डोलू नये म्हणून बाजूला लावायच्या दोरांची खालची टोकं बुडख्याच्या बिजागरीच्या रेषेत आणि तिच्याच उंचीला हवीत. माझे दोर चार बोटं मागे होते. काठी चढेल तसे ते ताठत गेले आणि पाऊण वाटेवर सगळं अडलं.

दुसऱ्या महिन्यात टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) वाकला. काठी खाली असते तेव्हा श्राउड (काठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) ढिले पडतात, टर्नबकल डेकवर लोळतो. काठी उभी होताना तो चेनप्लेटपाशी (तार होडीला जोडायची पट्टी) तिरका अडकला आणि आट्यांचा दांडा वाकला. ठोकून सरळ करायचा मोह झाला, पण तो तिथेच कधीतरी तुटला असता. नवे घेतले, खाली टॉगल लावले. आता सांधा दोन्ही दिशांना वळतो. त्याच दिवशी तारांवरून कापसाचा बोळा फिरवला, तर एका ठिकाणी तंतू अडकले. 1×19, म्हणजे एकोणीस तारांच्या पिळातली एक तार तुटलेली, अगदी स्वेजच्या (टोकाला दाबून बसवलेल्या जोडाच्या) तोंडाशी. सगळे श्राउड बदलले. होडी विकणाऱ्याने मात्र ‘रिगिंग उत्तम’ म्हणून सांगितलं होतं!

डायनीमा या मजबूत धाग्याचं हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) छान आहे, फारसं ताणत नाही, जिबची (पुढच्या शिडाची) पुढची कड वाऱ्यात झोळत नाही. पण 6 मिमीचा दोर जुन्या क्लीटमधून (दोर अडकवायची पकड) सरकायचा, म्हणून क्लीटही बदलावं लागलं. फर्लरबद्दल, म्हणजे जिब गुंडाळायच्या यंत्रणेबद्दल, मन साशंक आहे. शीड गुंडाळायला सोपं, पण काठी उभारताना तो लांबलचक दांडा सांभाळायचा कोणी? आणि अर्धवट गुंडाळलेलं जिब पोटात फुगतं, वाऱ्याच्या विरुद्ध नीट जाता येत नाही. मुख्य शिडाला दुसरा रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायची सोय) शिवून घेतला, त्याचे पैसे मात्र पहिल्याच जोराच्या वाऱ्यात वसूल झाले.

ट्रेलरचं एकच सांगतो. पोचल्याबरोबर होडी पाण्यात लोटू नका. रस्त्यात तापलेला चाकाचा हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढते आणि बेअरिंग गंजतं. मी आधी डोलकाठी उभारायचो, तोवर चाकं निवायची. आता पंचवीस मिनिटांत होडी तयार असते, आणि हबला हात लावावा तर तो अजून कोमट.