बर्लिनचे ट्रेझोर: तालाची आवड असणाऱ्यांनी एक रात्र राखून ठेवावी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून कामानिमित्त जर्मनीला जाणारे नाशिककर बर्लिनमध्ये भिंतीचे अवशेष आणि संग्रहालये पाहून परततात. ज्यांना तालाची मनापासून आवड आहे, त्यांनी तेथील एक रात्र टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या, एकाच ठेक्यावर चालणाऱ्या नृत्यसंगीताच्या क्लबसाठी ठेवावी, आणि पहिल्यांदाच जात असाल तर ती ट्रेझोरमध्ये घालवावी, असे माझे मत आहे.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर पूर्वेकडे असंख्य इमारती बेवारस पडल्या होत्या. त्यांपैकी एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात 1991 मध्ये हा क्लब सुरू झाला. 2005 मध्ये ती जागा सोडावी लागली आणि 2007 पासून तो क्योपेनिकर श्ट्रासेवरील एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात आहे. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात घडवलेल्या या टेक्नो संगीताला युरोपात हक्काचे घर मिळाले, त्यात ट्रेझोरचा वाटा मोठा आहे.

काँक्रीटच्या लांब बोगद्यातून चालत गेल्यावर तळघरातील मुख्य दालन लागते. जुन्या तिजोरीघरातील गंजलेले कप्पे आणि लोखंडी गज येथे आणून बसवले आहेत. धुरामुळे शेजारच्याचा चेहराही क्षणभर चमकणाऱ्या दिव्यातच दिसतो, त्यामुळे कोण कसे नाचते याकडे कोणाचेही लक्ष नसते. माझ्यासोबत बर्लिनमध्येच नोकरी करणारी मावसबहीण होती. इतक्या अनोळखी गर्दीत तिला एकदाही अवघडल्यासारखे वाटले नाही, ही गोष्ट मी संगीताइतकीच महत्त्वाची मानतो.

आणि तो आवाज! आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहिले की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि कान दुखू लागतात; येथे खालचा सूर तळपायांतून छातीपर्यंत चढतो, तरी वरचे सूर कानाला टोचत नाहीत. मिनिटाला साधारण 130 ते 140 ठोक्यांचा एकच ठेका अखंड चालू असतो आणि त्यावर झांजेसारखा एखादा बारीक आवाज कितीतरी वेळाने अलगद येऊन बसतो. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही, कारण आपल्या पथकातही ढोल ठेका धरून ठेवतो आणि ताशा त्यावर रंग भरत जातो. डीजे मध्येच खालचा ठोका काढून घेतो, सगळे दालन जागच्या जागी ताटकळते, आणि तो परत आला की शेकडो पाय एकदम जमिनीवर पडतात. हा क्षण भ्रमणध्वनीवर टिपता येत नाही. बर्लिनच्या अनेक क्लबांत तर दारातच कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आणि ही प्रथा मला अतिशय योग्य वाटते.

पश्चिम बर्लिनने रात्री बंद करण्याच्या वेळेची सक्ती 1949 मध्येच उठवली, म्हणून नृत्य सकाळ उजाडल्यावरही चालू राहते. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याची सवय असलेल्या आपल्याला याचे नवल वाटते. 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले, ते मला पूर्णपणे पटते.

पटली नाही ती दारावरची रीत. शहरातील दुसऱ्या एका क्लबबाहेर बराच वेळ रांगेत उभे राहूनही आम्हाला प्रवेश नाकारण्यात आला आणि कारण सांगितले गेले नाही. दूरवरून आलेल्या माणसाचा हा अवमान आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

जाणाऱ्यांनी मोठ्या घोळक्याने न जाता दोघे-तिघे जावे, रोख युरो आणि कानात घालायचे बोळे सोबत ठेवावेत. हाइनरिश-हाइने-श्ट्रासे हे भुयारी रेल्वेचे स्थानक जवळच आहे आणि शुक्रवारी-शनिवारी ही रेल्वे रात्रभर धावते. मध्यरात्रीपूर्वी पोहोचण्यात अर्थ नाही. संध्याकाळी थोडी झोप काढून निघावे.