होनोलुलूची क्रूझ: आधीचा मुक्काम आणि नंतरचा मुक्काम

हवाईच्या बेटांची क्रूझ घेणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा सगळा विचार बहुधा जहाजावरची खोली, बाल्कनी आणि बेटांवरच्या सहली यांच्यापुरता होतो, आणि होनोलुलूचे हॉटेल शेवटच्या आठवड्यात, जे स्वस्त दिसेल ते, असे उरकले जाते. माझ्या मते या सहलीतला सर्वांत जास्त पैसा याच घाईत वाया जातो. क्रूझच्या आधीची रात्र आणि नंतरची रात्र या दोन वेगळ्या गरजा आहेत. त्यांना एकच माप लावले की आधीच्या रात्रीला नको त्या गोष्टींचे पैसे मोजले जातात आणि नंतरच्या दिवसाची मात्र परवड होते. होनोलुलूतल्या वायकीकी आणि अला मोआना या किनाऱ्यालगतच्या दोन्ही भागांत राहून, आई-वडिलांना घेऊन आणि मुलांना घेऊन केलेल्या मुक्कामांवरून माझे जे मत झाले, ते इथे मांडत आहे.

येथे विचार आहे तो नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या ‘प्राइड ऑफ अमेरिका’ या जहाजाचा. दोन हजारांहून अधिक प्रवासी नेणारे हे जहाज २००५ पासून चालू आहे. ते दर शनिवारी संध्याकाळी होनोलुलूच्या दोन क्रमांकाच्या धक्क्यावरून सुटते, माउई, हिलो, कोना आणि कवाई करून पुढच्या शनिवारी सकाळी परत येते. १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजांना फक्त अमेरिकी बंदरांची फेरी करता येत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाहून हवाईला जाऊन परत येणारी जहाजे मेक्सिकोतल्या एन्सेनादाला थांबतात. ‘प्राइड ऑफ अमेरिका’वर अमेरिकेचाच ध्वज असल्यामुळे ते देशाबाहेर पाऊल टाकत नाही. ज्यांच्या पासपोर्टवरच्या एच-वन-बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे, किंवा ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अधांतरी आहे, त्यांना ही क्रूझ सोयीची वाटते ती यामुळेच. कागदपत्रे अर्थातच जवळ असावीत.

जहाज संध्याकाळी सातला सुटते म्हणून पश्चिम किनाऱ्यावरची कुटुंबे शनिवारी सकाळच्या विमानाने येण्याचा बेत करतात. घड्याळ मागे जात असल्यामुळे सकाळी निघालेले विमान दुपारपर्यंत पोहोचते आणि कागदावर हा बेत अगदी बरोबर दिसतो. तरीही मी तो करणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके किंवा विमानातला एखादा किरकोळ बिघाड चार तास सहज खातो, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. या क्रूझचा एक दिलासा मात्र सांगायला हवा. पहिले बंदर माउईवरचे काहुलुई असून जहाज तिथे रविवारी पोहोचते आणि रात्रीही तिथेच असते. त्यामुळे जहाज चुकलेच तर कंपनीला कळवून होनोलुलूहून छोट्या विमानाने ते गाठता येते. कॅरिबियनच्या क्रूझमध्ये पुढचे बंदर परदेशात असते, त्यामुळे तिथे ही सोय इतकी सरळ नसते. परंतु चार माणसांची ऐनवेळची तिकिटे आणि त्या रात्रीचे हॉटेल यांचा खर्च पाहता शुक्रवारी येऊन राहणे कितीतरी बरे.

म्हणजे आधीची रात्र आपण निश्चिंतीसाठी विकत घेतो. या रात्रीला समुद्राच्या दर्शनाचे जादा पैसे देण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, कारण पुढचे सात दिवस समुद्राशिवाय दुसरे काही दिसणारच नसते. त्यातून वायकीकीच्या हॉटेलांमध्ये खोल्यांची जी वर्गवारी असते, ती नीट समजून घेतल्याखेरीज पैसे भरू नयेत. ‘ओशनफ्रंट’ म्हणजे खोलीचे तोंड थेट समुद्राकडे, ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे बहुधा बाजूने पण बऱ्यापैकी समुद्र, आणि ‘पार्शल ओशन व्ह्यू’ म्हणजे नशिबाचा भाग. एका हॉटेलात आम्हाला याच शेवटच्या प्रकारची खोली मिळाली होती. बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात कठड्याला टेकून मान वळवली, की समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून हाताच्या बोटाएवढी निळी पट्टी दिसत असे आणि खोलीतल्या खुर्चीवरून दिसे ते शेजारच्या इमारतीचे गच्चीवरचे वातानुकूलनाचे यंत्र. शहराच्या बाजूच्या साध्या खोलीपेक्षा त्या पट्टीसाठी चांगलीच जास्त रक्कम आकारलेली होती. वायकीकीच्या मागच्या बाजूला अला वाय कालवा आणि त्यापलीकडे डोंगर आहेत. उंच मजल्यावरची डोंगराकडची खोली संध्याकाळी फार सुंदर दिसते, आणि ती स्वस्तही असते.

आता भाग कोणता निवडावा? दोन क्रमांकाचा धक्का विमानतळ आणि वायकीकी यांच्या मध्ये आहे, म्हणजे वायकीकीला राहणारा प्रवासी धक्का ओलांडून पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी मागे येतो. वायकीकीच्या पश्चिम टोकापासून धक्का अडीच-तीन मैल, तर अला मोआनापासून त्याहूनही जवळ. अंतर किरकोळ असले तरी वायकीकीचे रस्ते एकेरी आणि गर्दीचे असल्यामुळे पूर्वेकडच्या, म्हणजे डायमंड हेड या डोंगराच्या बाजूच्या हॉटेलातून शनिवारी दुपारी बाहेर पडायला बराच वेळ जातो. ‘द बस’ ही शहर बससेवा उत्तम आहे, पण मांडीवर किंवा आसनाखाली मावेल एवढेच सामान तिच्यात नेता येते. मोठ्या बॅगा असलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. ‘स्कायलाइन’ रेल्वे ऑक्टोबर २०२५ पासून विमानतळापर्यंत आली आहे, मात्र ती वायकीकीला जात नाही. त्यामुळे टॅक्सी किंवा उबर हाच मार्ग उरतो.

आधीच्या रात्रीसाठी माझी पहिली पसंती अला मोआनाला आहे. तिथले अला मोआना हॉटेल पादचारी पुलाने १९५९ साली सुरू झालेल्या अला मोआना सेंटर या भव्य बाजारसंकुलाला जोडलेले आहे. विमानात विसरलेले औषध, मुलांच्या चपला, सनस्क्रीन, जे काही जहाजावर महाग पडते ते सगळे संध्याकाळी पायी जाऊन घेता येते. रस्ता ओलांडला की अला मोआना बीच पार्क आहे. तिथे प्रवाळाच्या आडोशामुळे पाणी शांत असते आणि स्थानिक कुटुंबे सुट्टीच्या दिवशी तिथेच येतात. खोल्या साध्या आहेत, हॉटेलला स्वतःची चौपाटी नाही आणि सुट्टीवर आल्याचे वातावरणही फारसे नाही. एका रात्रीसाठी मला या उणिवा मुळीच जाणवल्या नाहीत.

दुसरी पसंती वायकीकीच्या पश्चिम टोकाला, आणि तिचे कारण शुक्रवार आहे. हिल्टन हवाईयन व्हिलेजसमोरच्या किनाऱ्यावर शुक्रवारी रात्री आतषबाजी होते, आणि शनिवारच्या क्रूझसाठी शुक्रवारी पोहोचलेल्या प्रवाशाला ती आपोआप लाभते. किनारा सार्वजनिक असल्यामुळे त्यासाठी हिल्टनमध्येच राहण्याची गरज नाही. खुद्द हिल्टन हे बावीस एकरांवर पसरलेले, अनेक मनोऱ्यांचे एक गावच आहे. लहान मुलांना तिथला खाऱ्या पाण्याचा तलाव आणि पोहण्याचे तलाव फार आवडतात; पण स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून न्याहारीपर्यंत बरेच चालावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन एका रात्रीसाठी एवढ्या मोठ्या ठिकाणी उतरणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी शेजारचे इलिकाई बरे, कारण तिथल्या खोल्यांमध्ये स्वयंपाकघर असते.

स्वयंपाकघराचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. लांबच्या विमानप्रवासानंतर ज्येष्ठ माणसांना गरम वरणभात किंवा निदान मुगाची खिचडी मिळाली, तर दुसऱ्या दिवशीचा त्यांचा उत्साह वेगळाच असतो. वायकीकीत शाकाहारी जेवण मिळत नाही असे नाही, परंतु ते शोधत रात्री नऊ वाजता थकलेल्या माणसांना फिरवणे बरोबर नाही. होनोलुलूत ‘डाउन टु अर्थ’ नावाची संपूर्ण शाकाहारी किराणा दुकानांची साखळी आहे. तिथे डाळ-तांदूळ, दही, भाज्या आणि तयार गरम जेवणही मिळते. तिचे एक दुकान काकाआको भागात, म्हणजे धक्का आणि अला मोआना यांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

धक्क्याजवळच राहावे म्हणून काही जण डाउनटाउनचा विचार करतात. तिथे हॉटेले मोजकी आहेत, आणि कचेऱ्या सुटल्यावर रस्ते सुनसान होतात. शुक्रवारची संध्याकाळ तिथे घालवण्यात मजा नाही. शनिवारी सकाळी मात्र त्या भागात अवश्य जावे, कारण १८८२ मध्ये बांधून झालेला हवाईच्या राजघराण्याचा इओलानी राजवाडा शनिवारी उघडा असतो आणि रविवार-सोमवार बंद. विमानतळाजवळची हॉटेले मी फक्त मध्यरात्री पोहोचणाऱ्यांना सुचवीन.

दर पाहताना एक काळजी घ्यावी. वायकीकीतली बहुतेक हॉटेले ‘रिसॉर्ट फी’ घेतात आणि ती रात्रीला साधारण ४० ते ६० डॉलरपर्यंत जाते. मे २०२५ पासून अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमानुसार असे सक्तीचे आकार जाहिरातीतल्या दरातच दाखवावे लागतात, त्यामुळे पूर्वीसारखा शेवटच्या पानावरचा धक्का बसत नाही. पण कर त्यात धरलेले नसतात, आणि हवाईत मुक्कामावरचे सगळे कर मिळून १८ ते १९ टक्के होतात. गाडी भाड्याने घेतली तर तिच्या पार्किंगचे रात्रीचे पैसे वेगळेच. क्रूझच्या आधी गाडी घेऊच नये. गाडीची गरज नंतर पडते.

आणि आता नंतरचा मुक्काम, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जहाज शनिवारी सकाळी सातच्या सुमारास धक्क्याला लागते आणि नऊ-साडेनऊपर्यंत बहुतेक सर्वांना उतरवले जाते. मुख्य भूमीकडे जाणारी बहुतेक विमाने दुपारनंतर किंवा रात्री असतात, आणि हॉटेलची खोली दुपारी तीन-चारच्या आधी मिळत नाही. म्हणजे सामानासह बारा-बारा तास हातात उरतात. या दिवसाची सोय आधीच्या मुक्कामाच्या वेळीच करून ठेवावी: ज्या हॉटेलात शुक्रवारी राहणार, तिथे पुढच्या शनिवारी दिवसभर सामान ठेवू देतील का आणि त्याचे किती पैसे पडतील, हे खोली घेण्यापूर्वी ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे. फोनवर कोणीतरी हो म्हटले एवढ्यावर विसंबू नये, कारण आठ दिवसांनी काउंटरवर दुसराच माणूस असतो. पर्ल हार्बरच्या सहलीने हा दिवस उत्तम जातो. ‘अ‍ॅरिझोना’ या तिथे बुडालेल्या युद्धनौकेच्या स्मारकाकडे नेणाऱ्या बोटीची जागा एक डॉलरच्या शुल्कात आधी ऑनलाइन राखता येते. मात्र सुरक्षेच्या कारणाने आत पर्सदेखील नेऊ देत नाहीत, तर बॅगा दूरच. त्या बाहेर पैसे भरून ठेवाव्या लागतात.

सुट्टी शिल्लक असेल तर त्या शनिवारी रात्री राहून रविवारी निघावे, आणि या रात्रीला हात आखडता घेऊ नये. सात दिवस घड्याळाच्या काट्यावर बंदरे गाठून झाल्यावर ही एकच रात्र खऱ्या अर्थाने मोकळी असते. या मुक्कामासाठी मी डोळे झाकून वायकीकीच्या मध्यावर, किनाऱ्यालगत जावे असे म्हणेन. १९२७ चे गुलाबी रॉयल हवाईयन आणि १९०१ चे मोआना, ही दोन जुनी हॉटेले जवळजवळ शेजारी आहेत. मला मोआना अधिक आवडते. त्याच्या अंगणात १९०४ मध्ये लावलेला एक प्रचंड भारतीय वड आहे. त्याच्या फांद्या अंगणभर पसरल्या आहेत आणि संध्याकाळी त्याखाली गाणे-बजावणे चालते. माझी आई तिथे पोहोचताच खोडापाशी जाऊन उभी राहिली, खाली उतरलेल्या पारंब्यांवरून तिने हात फिरवला आणि त्या संध्याकाळी समुद्राकडे फिरायला चलण्याचा आमचा आग्रह तिने ऐकला नाही. अंगणात बसायला तिथे राहायलाच हवे असे नाही, काहीतरी मागवून कोणीही बसू शकतो. तरी जुन्या, मूळ इमारतीतली खोली मिळत असेल तर ती लहान असूनही घ्यावी. मागाहून जोडलेल्या मनोऱ्यातल्या खोल्या मोठ्या आहेत, पण त्यांच्यात वेगळेपण नाही.

रविवारी निघताना विमानतळावर सामान कृषी खात्याच्या तपासणीतून जाते. अननस नेता येतो, ताजा आंबा मात्र काढून घेतात, तेव्हा हिलोच्या बाजारात घेतलेले आंबे हॉटेलच्या बाल्कनीतच संपवावेत.