फुलं दाबायची लाकडी प्रेस: आठ महिने वापरल्यानंतर

याआधी मी फुलं जाड पुस्तकांतच ठेवायचे. निम्मी तपकिरी पडायची, वर पुस्तकाची पानं डागाळायची ती वेगळीच. म्हणून आठ महिन्यांपूर्वी लाकडी प्रेस घेतली. शुभेच्छापत्रं, फ्रेम आणि पुस्तकखुणा करण्यासाठी ती जवळजवळ रोज वापरात आहे.

रचना साधी आहे. प्लायवूडच्या दोन फळ्या, चार कोपऱ्यांत लांब बोल्ट, वरून हाताने फिरवायचे विंग नट. मधे नालीदार पुठ्ठा आणि कागद यांचे थर. खरं काम हा पुठ्ठाच करतो. त्याच्या पोकळ नाळ्यांतून हवा खेळते आणि फुलातली ओल बाहेर पडते. पुस्तकात ती अडकून राहते, म्हणून पाकळी वाळण्याआधीच काळवंडते.

पहिला घाणा मात्र पूर्ण वाया गेला. सोबतच्या सूचनांत तीन आठवडे प्रेस उघडू नका असं लिहिलं होतं. मी कॉसमॉसची दहा फुलं ठेवली, नट होतील तेवढे घट्ट आवळले आणि वाट बघत बसले. उघडलं तर प्रत्येक पाकळीवर बारीक समांतर रेघा, थेट पुठ्ठ्याच्या नाळ्यांचा ठसा. मधल्या पिवळ्या गोंड्यांवर बुरशीचे काळे ठिपके. रेघा उमटल्या कारण सोबत आलेला कागद फारच पातळ होता. आणि बुरशी आली ती कागद एकदाही न बदलल्यामुळे.

आता मी जाड टीपकागद वापरते, फुलाच्या वर दोन आणि खाली दोन. पहिल्या दिवशी नट बेताचेच पिळते, दुसऱ्या दिवशी थोडे आवळते. पहिला कागद चोवीस तासांच्या आत बदलते, दुसरा तिसऱ्या दिवशी, तिसरा साधारण सहाव्या दिवशी. पहिला कागद काढताना हाताला चक्क दमट लागतो. ती सगळी ओल नाहीतर फुलातच राहिली असती! पावसाळी हवेत प्रेसच्या उघड्या कडेवर लहान पंख्याचा झोत सोडते, नाळ्यांतून वारा आरपार गेला की बराच फरक पडतो. वनस्पतींचे नमुने जपणारे अभ्यासकही ओले कागद असेच बदलत राहतात. वाळवलेली रोपं कागदावर लावून ठेवण्याच्या पद्धतीचं श्रेय सोळाव्या शतकातले, इटलीतल्या पिसाचे वनस्पतिशास्त्रज्ञ लुका गीनी यांना दिलं जातं, आणि शेकडो वर्षांपूर्वीचे असे नमुने आजही टिकून आहेत. माझ्या मते प्रेस कुठली आहे यापेक्षा पहिल्या आठवड्यात कागद किती वेळा बदलला यावर निकाल जास्त ठरतो.

जाड फुलांचा प्रश्न वेगळा. गोंडा उंच असला की सगळा दाब त्याच्यावरच जातो आणि पाकळ्या मोकळ्या राहून सुरकुततात. त्यावर मला सापडलेला उपाय असा: टीपकागदाच्या तीन-चार तुकड्यांना मधोमध गोंड्याएवढं भोक पाडायचं, फूल त्यात बसवायचं आणि पाकळ्या कागदावर पसरायच्या. मग दाब सगळीकडे सारखा पडतो. गुलाबाच्या पाकळ्या मात्र मी सुट्या करूनच दाबते आणि चिकटवताना पुन्हा फूल रचते.

रंगांचं बोलायचं तर पिवळा आणि नारिंगी छान टिकतो. लाल बहुतेक वेळा गडद होतो, कधी जांभळटाकडे झुकतो. पांढरी पाकळी पारदर्शक होते किंवा पिवळट पडते. बोगनवेल सगळ्यांत सोपी, कारण तिचा रंगीत भाग पाकळी नसून पान आहे, मुळातच पातळ आणि कोरडं. फुलं सकाळी दव उडून गेल्यावर तोडावीत, पाण्याचा एक थेंबही डाग पाडतो.

प्रेसचे दोष दोन. फळी पातळ असल्याने तीन महिन्यांत मधे फुगली. बोल्ट कोपऱ्यांत ओढतात आणि मधल्या भागावर दाब कमी पडतो. आता वर कागदात गुंडाळलेली वीट ठेवते. दुसरं, बोल्ट आखूड आहेत, पाच थरांच्या वर काही मावत नाही.

कळीचा आकार जसाच्या तसा हवा असेल तर प्रेस उपयोगाची नाही. त्यासाठी मी बारीक दाण्यांची सिलिका जेल वापरते. झाकणबंद डब्यात कळी पूर्ण पुरायची आणि चार-पाच दिवसांनी हलक्या हाताने काढायची. माझे दाणे नारिंगी आहेत, ओल शोषली की हिरवे होतात आणि ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे मी घेत नाही, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. दाणे ओतताना धूळ उडते, तेव्हा मास्क लावतेच.

फूल पूर्ण वाळलं की नाही हे मी गालाला लावून बघते. गार लागलं तर आत अजून ओल आहे. घाई करून असंच एक फूल रेझिनमध्ये (ओतल्यावर कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवात) घातलं होतं, पाकळीभोवती बुडबुडे आले आणि पुढे ते तपकिरी झालं. एकाच घाण्यातल्या दोन पुस्तकखुणांपैकी खिडकीपाशी ठेवलेली दोन महिन्यांत फिकी पडली, खणातली अजून टवटवीत आहे. एका पाकिटात बारीक किडे निघाले, तेव्हापासून वाळलेली फुलं पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते आणि मगच डब्यात भरते.

नवी प्रेस घेताना फळी निदान बारा मिलिमीटर जाड आणि बोल्ट लांब आहेत का ते बघा, आणि टीपकागद वेगळा घ्या. मायक्रोवेव्हमध्ये झटपट वाळवायचा विचार असेल तर ही धातूचे बोल्ट असलेली प्रेस आत ठेवू नका, त्यासाठी वेगळी बिनधातूची मिळते.