एटिमऑनलाइन डिक्शनरी : 'नर्ड' शोधायला गेले आणि तासभर तिथेच रमले

माझ्या भाचीला वर्गात सगळे नर्ड म्हणजे पुस्तकी किडा म्हणतात, तर तिने विचारलं मावशी हा शब्द आला कुठून, शिवी आहे का ही? मी आधी इकडेतिकडे शोधलं, एका साइटवर छातीठोकपणे लिहिलेलं की इंग्लिशमधलं 'ड्रंक' (drunk, दारू प्यायलेला) उलटं वाचलं की नर्ड (knurd) होतं, म्हणजे दारू पार्टी सोडून अभ्यास करणारा. ऐकायला भारी, पण पुरावा शून्य.

मग एटिमऑनलाइन उघडली. डग्लस हार्पर नावाच्या माणसाने सुरू केलेली शब्दांच्या मुळांची डिक्शनरी, वाचायला पैसे पडत नाहीत. तिथे साधं सरळ दिलंय, १९५१ ची अमेरिकन विद्यार्थ्यांची स्लँग, बहुतेक 'नर्ट'वरून आणि तो 'नट'वरून म्हणजे येडा. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. स्यूस यांच्या 'इफ आय रॅन द झू' या मुलांच्या पुस्तकात नर्ड नावाचा प्राणी आहे, त्याचाही हात असू शकतो. मला ते 'बहुतेक' फार आवडलं, खात्री नाही तिथे ठोकून देत नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे, १९५१ मध्ये न्यूजवीक या अमेरिकन साप्ताहिकाने डेट्रॉइटच्या पोरांची ही स्लँग छापली तेव्हा अर्थ होता नुसता बोअर माणूस, अभ्यासाचा काही संबंधच नाही! पुस्तकं, चष्मा, मार्क हे सगळं नंतर चिकटलं.

नर्डसारखाच चिडवायला वापरतात तो गीक तर मुळात सर्कस-जत्रेतला शब्द, जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा माणूस, त्याला गीक म्हणायचे. आणि सतत अभ्यास करणाऱ्यासाठी ब्रिटिश लोकांचा 'स्वॉट' म्हणजे 'स्वेट'चंच बोलीतलं रूप, घाम गाळणारा, सँडहर्स्टच्या मिलिटरी कॉलेजातून आलेला. हे वाचून मला एकदम आपला घासू आठवला, दोन्हीकडे चिडवायला निवडलं काय तर मेहनत. हुशारी नाही, मेहनत. मला याचं खरंच वाईट वाटलं.

नोंदी छोट्याच असतात, खोलात जायचं तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी बघावी लागते, पण मुलांसोबत बसून वाचायला ही बेस्ट, पाच स्टार. भाचीने स्वॉटची नोंद तीनदा वाचली आणि आता तिला घासू पहिल्यांदा कोणी कोणाला म्हटलं ते हवंय, मराठी स्लँगची अशी डिक्शनरी कोणीतरी मनावर घेऊन कराच.