कोमॅपिओ: हद्दीची नोंद गावाच्याच हाती ठेवणारे ॲप

आदिवासींची जमीन बळकावणारा बहुधा कुऱ्हाडीच्या आधी कागद घेऊन येतो. त्या कागदावर गावाची शेते, शिकारीच्या वाटा, दफनभूमी हे सारे पडीक किंवा निर्मनुष्य म्हणून दाखवलेले असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांकडे त्यावर उत्तर म्हणून तोंडी साक्षीपलीकडे फारसे काही नसते. ही उणीव डोळ्यांसमोर ठेवून अवाना डिजिटल (पूर्वीची डिजिटल डेमोक्रसी) या संस्थेने कोमॅपिओ हे विनामूल्य, मुक्तस्रोत ॲप तयार केले आहे. मॅपिओ या जुन्या ॲपची ही पुढची आवृत्ती आहे.

वापर अगदी साधा आहे. फोन घेऊन हद्दीवरून चालत जावे, तोडलेले झाड, नवे कुंपण किंवा खाणीचा खड्डा दिसला की छायाचित्र काढावे, चिन्ह निवडावे आणि दोन ओळी लिहाव्यात. स्थळ आणि वेळ आपोआप नोंदली जाते. कोणत्या गोष्टींसाठी कोणते चिन्ह आणि कोणता शब्द असावा, हे गाव स्वतः ठरवू शकते. मला ही सोय वाटते त्याहून मोलाची वाटली, कारण सरकारी नकाशात ज्याला ‘जंगल’ हा एकच शब्द पुरतो, तेथे गावाकडे वीस वेगवेगळी नावे असतात.

खरी करामत पुढे आहे. या साऱ्या कामासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. गस्तीवरून परतलेल्या दोघांचे फोन एकाच वायफायवर आले, मग त्या वायफायला इंटरनेट नसले तरी चालेल, की एकाच्या नोंदी दुसऱ्याकडे पोहोचतात. मधे कोणा कंपनीचा सर्व्हर असलाच पाहिजे असे नाही. एक फोन नदीत पडला किंवा कोणी हिसकावून घेतला, तरी आधी पोहोचलेल्या नोंदी इतरांकडे शाबूत राहतात. प्रकल्पात, म्हणजे नोंदी एकमेकांना देणाऱ्या गटात, कोणाला घ्यायचे, हेही त्या गटाचा समन्वयकच ठरवतो.

हे साधन कार्यालयात बसून घडलेले नाही. इक्वाडोरच्या पास्तासा प्रांतातील वाओरानी लोकांनी आपल्या प्रदेशाचे नकाशे तयार केले, त्या कामातूनच मॅपिओची घडण झाली. सरकारच्या नकाशात खनिज तेल काढण्यासाठी आखलेला ‘गट क्रमांक 22’ एवढेच दिसत होते. वाओरानींच्या नकाशात मासेमारीचे डोह, औषधी वनस्पतींच्या जागा आणि पूर्वजांच्या खुणा होत्या. एप्रिल 2019 मध्ये पुयो येथील न्यायालयाने, त्यांच्याशी सल्लामसलत करण्याची प्रक्रिया सदोष होती, असा निर्णय दिला आणि सुमारे 5 लाख एकर जमीन तेलाच्या लिलावातून वाचली. मात्र हा खटला ॲपने जिंकला, असे कोणी म्हणू नये. सल्लामसलतीचा हा अधिकार इक्वाडोरने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1989 मधील 169 क्रमांकाच्या करारातही होता, आणि वकील व गावकरी तो घेऊन न्यायालयात उभे राहिले. जेथे असा कायदाच नाही, तेथे उत्तमातला उत्तम नकाशाही दप्तरात पडून राहील.

उपग्रहाच्या चित्रांशी तुलना केली तर कोमॅपिओची जागा नेमकी कळते. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका 30 मीटर लांबी-रुंदीचा असतो. त्यातून झाडे गेल्याचे कळते, पण ती कोणी नेली, कुंपण कोणी घातले, हे कळत नाही. कोमॅपिओ ते सांगू शकते, पण त्यासाठी माणसाला तिथवर जावे लागते, आणि धोकाही त्यानेच पत्करायचा असतो. शिवाय मोकळ्या आकाशाखाली फोन सुमारे 5 मीटरपर्यंत अचूक स्थळ दाखवतो, तर दाट झाडीखाली ही चूक बरीच वाढते. ॲप ती मीटरमध्ये दाखवते, हे चांगले. तरीही हद्दीच्या वादात अधिकृत मोजणीची जागा या नोंदी घेऊ शकत नाहीत.

सुरक्षेची व्यवस्था मात्र मला अर्धवट वाटली. ॲपला संकेतांक लावता येतो, आणि कोणी धमकावून ते उघडायला लावले तर 00000 हा फसवा संकेतांक टाकून रिकामा पडदा दाखवता येतो. कल्पना उत्तम आहे, पण हे आकडे सर्वांसाठी सारखेच असून ते मार्गदर्शिकेत उघडपणे छापलेले आहेत. ज्याने ती वाचली आहे, तो फसणार नाही. हे आकडे प्रत्येक गावाला स्वतः ठरवू द्यायला हवेत.

म्हणून ज्यांना हे ॲप वापरायचे आहे, त्यांनी पहिल्या गस्तीच्या आधी ग्रामसभेत बसून काय नोंदवायचे नाही, याची यादी करावी. देवस्थाने, दुर्मीळ वनस्पती आणि सोन्याचा अंश सापडलेले ओढे त्या यादीत सर्वांत वर असावेत.