‘थ्री कलर्स : ब्लू’ – आधी खोडायचं, मग लिहायचं

दिग्दर्शक : क्रिस्तोफ किएस्लोव्स्की. १९९३. भाषा फ्रेंच, लांबी साधारण शंभर मिनिटं. मुख्य भूमिका जुलिएत बिनोश, संगीत झ्बिग्निएव प्राइस्नर, छायालेखन स्लावोमिर इजियाक. (पुढे कथानक उघड केलं आहे. शेवट आधी कळला तर मजा जाते, अशा जातीचा हा चित्रपट नाही, तरी ज्यांना कोरं राहायचं असेल त्यांनी आधी पाहून यावं.)

माणूस गेल्यावर हातातली कला आटते आणि एके दिवशी अचानक झरा फुटल्यासारखी परत येते, असं बऱ्याच चित्रपटांत दिसतं. खिडकीतून ऊन येतं, नायिका वाद्याजवळ बसते, डोळे भरतात आणि सूर सापडतो. ‘ब्लू’ हे खोटं बोलत नाही. इथे कला परतते ती दुसऱ्याच्या कच्च्या खर्ड्यावर काट मारण्यातून. या विषयावरच्या चित्रपटांत तो आम्हाला सगळ्यांत विश्वासार्ह वाटतो, तो याच कारणामुळे.

गोष्ट थोडक्यात अशी. मोटारीच्या अपघातात ज्यूलीचा नवरा पॅट्रिस आणि लहानगी मुलगी जातात. पॅट्रिस नावाजलेला संगीतकार. युरोपच्या एकीकरणासाठी वाद्यवृंद आणि गायकवृंदाची एक मोठी रचना त्याने हाती घेतली होती, ती अपुरी राहते. त्याचं संगीत खरं तर ज्यूलीच लिहायची का, असा प्रश्न एक पत्रकार तिला तोंडावर विचारते. चित्रपट त्याचं थेट उत्तर देत नाही, पण पुढची दृश्यं नीट पाहणाऱ्याला शंका उरत नाही.

ज्यूली आधी काय करते ते नीट बघावं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घर विकायला काढते. माहेरचं नाव लावून पॅरिसमध्ये भाड्याची जागा घेते. काम काय करता, या प्रश्नावर ‘काही नाही’ हे तिचं उत्तर. स्वरलिपीच्या प्रती करणाऱ्या बाईकडून अपुऱ्या रचनेचे कागद आणते आणि कचऱ्याच्या गाडीत टाकते. गाडीचे लोखंडी दात ते कागद चावून आत ओढतात. जुन्या घरातून सोबत घेते ती फक्त निळ्या काचमण्यांची एक झुंबरवजा माळ. म्हणजे पुसून टाकण्याचा कार्यक्रम अगदी पद्धतशीर आहे. तो फसतो दोन कारणांनी. प्रती करणाऱ्या बाईने एक प्रत ठेवलेली असते, हे एक. आणि संगीत कागदावर नसून ज्यूलीच्या डोक्यात असतं, हे दुसरं.

हे दुसरं कारण दाखवायला किएस्लोव्स्कीने जी युक्ती वापरली, तिच्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा. चार वेळा पडदा पूर्ण काळा होतो, रचनेचा तुकडा दणक्यात वाजतो आणि चित्र परत येतं तेव्हा आपण त्याच क्षणी, त्याच चेहऱ्यावर असतो. एरवी चित्र काळं झालं की मध्ये वेळ गेला असं प्रेक्षक धरून चालतो. इथे वेळ जातच नाही, ज्यूलीपुरता थांबतो. यातला बहुतेक काळोख कुणीतरी तिला काही विचारल्यावर येतो, हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं. अपघातस्थळी पोचलेला मुलगा ‘काही जाणून घ्यायचंय का?’ असं विचारतो, तिथेही हेच घडतं.

आता तो खर्डा. पॅट्रिसचा सहकारी ऑलिव्हिए रचना पुरी करायला घेतो, ही बातमी ज्यूलीला टीव्हीवरून कळते. त्याच कार्यक्रमात पॅट्रिसचे एका अनोळखी स्त्रीसोबतचे फोटोही दिसतात. ज्यूली तडक ऑलिव्हिएला गाठते ती संतापून. तिला काहीतरी ‘हवं’ किंवा ‘नको’ असं वाटावं यासाठीच हे केलं, असं तो सांगतो. ही पायरी फार अचूक आहे. शोकात बुडालेल्या माणसाला कोरा कागद दिला तर तो तसाच राहतो. पण त्याच्या ओळखीच्या कामाची कुणी ओबडधोबड आवृत्ती पुढे ठेवली, की कान आपोआप टवकारतात. नवं सुचायला जी उमेद लागते ती चूक ओळखायला लागत नाही. सवय पुरते.

मग दोघं कागद पसरून बसतात. ज्यूली पहिली सूचना देते ती वजाबाकीची : तालवाद्यं काढ. आपल्याला तोच तुकडा तालवाद्यांविना ऐकू येतो. मग ट्रम्पेट जातात. मग पियानोच्या जागी बासरी येते. दरम्यान कॅमेऱ्यातलं चित्र हळूहळू इतकं धूसर होतं की खोलीही दिसत नाही आणि माणसंही. उरतं ते फक्त ऐकणं. स्वरलिपीच्या ओळींवरून बोट सरकतं, त्या दृश्यांत तर फोकसची पट्टी इतकी अरुंद आहे की एका वेळी दोनचार स्वरच स्पष्ट दिसतात. संगीत चित्रीकरणाच्या आधीच तयार होतं, त्यामुळे ही दृश्यं सुरांवर बेतता आली. पडद्यावर संगीतरचना दाखवणारे बहुतेक प्रसंग फसतात ते यामुळे, की नट मान डोलावतो आणि पार्श्वसंगीत नंतर चिकटवलं जातं. इथे निर्णय आणि त्याचा परिणाम एका श्वासात ऐकू येतात.

साखरेच्या खड्याचं दृश्य अनेकांना ठाऊक असेल. कॅफेत ज्यूली खड्याचं टोक कॉफीत धरते आणि कॉफी त्यात चढते. हा खडा पाच सेकंदांच्या आसपास भिजायला हवा होता, म्हणून दिग्दर्शकाच्या सहायकाने वेगवेगळ्या साखरेचे खडे भिजवून पाहिले. जगाकडे पाठ फिरवलेल्या बाईचं लक्ष किती लहान वर्तुळात मावतं ते दाखवायचं होतं, पण प्रेक्षक कंटाळण्याच्या आत.

तक्रारीही आहेत. ज्यूलीकडे पैसा आहे. काम न करता महिनोन्‌महिने राहणं तिला परवडतं, आणि हे तिच्या ‘मुक्ती’चं भांडवल आहे याकडे चित्रपट फारसं बघत नाही. एवढ्या मोठ्या रचनेचं उरलेलं काम जवळपास एका बैठकीत उरकल्यासारखं दिसतं. फाडलेली पानं, न जमलेला भाग, रटाळ दुरुस्त्या यांतलं काही नाही. रस्त्यावरच्या बासरीवाल्याला तीच सुरावट कशी सुचते, हे गूढ म्हणून सोडलंय. ते चालतं, पण योगायोगांची रास जरा जास्तच झाली आहे. आणि शेवटी एकेका पात्रावरून फिरणारा तो लांब प्रवाह, वर पूर्ण वाद्यवृंद आणि गायन, काहींना भव्य वाटेल. आम्हाला ते सगळ्यांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. ऑलिव्हिएने फोनवर टाकलेली अट त्याहून कितीतरी जड आहे : रचना माझ्या नावावर असेल तर ती माझीच, थोडी बोजड का असेना, किंवा तुझी, पण मग ते सगळ्यांना कळायला हवं. काम पूर्ण होणं आणि त्यावर आपलं नाव घालणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी जास्त अवघड.

पाहण्याविषयी थोडं. फोन किंवा टीव्हीचा ‘नाइट मोड’ आधी बंद करा. तो पडद्यावरचा निळा रंगच कमी करतो, आणि इथे तरणतलावापासून काचमण्यांपर्यंत सगळी भाषा त्याच रंगाची आहे. खोलीत अंधार हवा, नाहीतर काळे झालेले क्षण म्हणजे समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब. आवाज समपातळीवर आणणारी सोय चालू असेल तर तीही बंद करा. शांततेतून संगीत अंगावर येणं, हेच तर त्या क्षणांचं काम आहे, आणि ती सोय नेमकं तेच सपाट करते. हेडफोन उत्तम. शेवटचं गायन ग्रीकमध्ये आहे, शब्द बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायाचे, प्रेमाविषयीचे. सबटायटलमध्ये ते नसतील तर अध्याय आधी वाचून घ्यावा, फार मोठा नाही.

अपघात सुरुवातीच्या काही मिनिटांतच होतो. लगेच पुढे रुग्णालयात ज्यूली गोळ्या गिळून जीव द्यायचा प्रयत्न करते, आणि मुलीची अंत्ययात्रा छोट्याशा टीव्हीवर पाहते. ताजं दुःख असेल, विशेषतः मूल गमावलेलं असेल, तर हा चित्रपट आत्ता नको. कुणाला ‘तुला बरं वाटेल’ म्हणून सुचवणार असाल तर निदान हा भाग आधी सांगा.

हा तीन चित्रपटांच्या मालिकेतला पहिला. ‘व्हाइट’ आणि ‘रेड’ १९९४चे. ‘ब्लू’ स्वतंत्रपणे पाहता येतो, मात्र तिन्ही पाहायचे असतील तर ‘रेड’ शेवटीच ठेवा. त्याच्या अखेरीला तिन्हींतली माणसं एकत्र येतात.